मारुतीच्या नावाने हे कसले दान?

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांचे हक्काचे सहलीचे ठिकाण आहे. शाळांना सुट्टी लागली, गावाकडचे पाहुणे आले किंवा पावसाळ्यात एखादा उघडीप असलेला रविवार लाभला की अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची कुटुंबे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मुलाबाळांसह इकडे निघतात. कान्हेरीच्या पायथ्याशी उतरताच मुलांचे लक्ष प्रथम वेधून घेतात ती तेथील लेणी नव्हेत, तर कठड्यांवर, पायऱ्यांवर निर्धास्तपणे बसलेली माकडे. मग कोणी पिशवीतून केळे काढतो, कोणी वेफर्सचे पाकीट फोडतो. आजी भक्तिभावाने हात जोडतात, वडील भ्रमणध्वनीवर छायाचित्र टिपतात आणि लहानग्याच्या हातून माकडाला बिस्किट दिले जाते. एक चांगले काम हातून घडल्याचे समाधान घेऊन कुटुंब पुढे जाते. त्यातून शनिवार असेल, तर हे समाधान दुणावते.

हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही गैर असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. उलट, मुक्या प्राण्याला घास देणे ही आपल्या संस्कृतीची शिकवण आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. ही शिकवण खरीच आहे. परंतु रानातल्या माकडाला पाकिटातले खाद्य भरवणे हे त्या शिकवणीचे पालन आहे की तिचा विपर्यास, याचा विचार आता व्हायला हवा. कारण या घासाने ना माकडाचे भले होत आहे, ना माणसाचे. आणि ज्याच्या नावाने तो दिला जातो, त्या मारुतीरायाच्या उपासनेशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही.

रानाची शिदोरी

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. एवढ्या मोठ्या महानगराच्या कुशीत असे वन टिकून राहावे, हे जगातील एक नवलच मानले जाते. मुंबईला पाणी पुरवणारे विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगरांत आहेत. विहारचे काम १८६० मध्ये आणि तुळशीचे १८७९ मध्ये पूर्ण झाले. त्याहूनही कितीतरी प्राचीन अशी कान्हेरीची शंभरहून अधिक लेणी याच अरण्यात कातळात कोरलेली आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत येथे बौद्ध भिक्षूंचा वावर होता. पावसाचे पाणी साठवण्यासाठी त्यांनी खोदलेल्या पोढी आजही पाहायला मिळतात. हजार वर्षे माणसे या रानात राहिली, पण रानाची घडी त्यांनी विस्कटली नाही. कृष्णगिरी हे या डोंगराचे जुने नाव. त्यावरूनच कान्हेरी हा शब्द आला.

या अरण्यात पर्यटकांच्या नजरेस पडणारे कपिकुल प्रामुख्याने दोन प्रकारचे आहे. काळ्या तोंडाचा, राखाडी अंगाचा, लांब शेपटीचा तो वानर. लंकादहनात त्याचे तोंड काळे झाले, अशी लोकश्रद्धा आहे. दुसरे ते डोक्यावर मधोमध भांग पाडून केसांची टोपी घातल्यासारखे दिसणारे माकड. कान्हेरीच्या पायऱ्यांवर पिशव्या हिसकावणारे बहुधा हेच असते. हे टोपीवाले माकड भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कोठेही निसर्गतः आढळत नाही. त्याची संख्या घटत असल्याने आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची नोंद धोक्यात आलेल्या प्राण्यांत केली आहे. 'माकडे फार झाली' अशी तक्रार शहरात सतत ऐकू येते. प्रत्यक्षात माकडे फार झालेली नसून, ती रान सोडून रस्त्यावर, आवारांत आणि मंदिरांच्या पायऱ्यांवर एकवटली आहेत. ती तेथे एकवटली, कारण तेथे आयते मिळते.

रानात त्यांना उपाशी राहावे लागते, ही समजूत चुकीची आहे. उंबर, वड, पिंपळ, जांभूळ, करवंद, बोर, भोकर अशी किती नावे घ्यावीत! ऋतू बदलतो तसे ताट बदलते. फळ नसेल तेव्हा कोवळी पाने, फुले, शेंगा, किडे, कोळी यांवर निर्वाह होतो. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. घाईघाईने फळे भरून घ्यायची आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश खायची, अशी ती सोय आहे. खाता खाता टाकलेल्या बिया दूरवर पडतात आणि त्यांतून नवी झाडे उगवतात. म्हणजे माकड रानाचे खाते आणि रानाला परतही देते. वानराची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे पोट मुख्यतः पाला पचवण्यासाठी घडलेले असून त्याचे अनेक कप्पे असतात. त्यात पाव, बिस्किटे आणि मिठाई ढकलणे म्हणजे त्याच्या शरीरधर्माविरुद्ध वागणे होय.

कोणते झाड कोणत्या महिन्यात फळते, पाणी कोठे टिकते, बिबळ्याची चाहूल लागल्यावर कोठे चढायचे, हे ज्ञान पिल्लाला जन्मतः नसते. टोपीवाल्या माकडांत नर बहुधा वयात आल्यावर कळप सोडून जातात. माद्या मात्र जन्मलेल्या कळपातच आयुष्य काढतात. आजी, आई, मावशी यांच्या अंगाखांद्यावर वाढणारे पिल्लू त्यांच्याकडे पाहून शिकते. मराठी घरातील मुलाला हे सांगावे लागत नाही. ज्याला संस्कार म्हणतात, तो याहून वेगळा काय असतो? अशा कळपातील एका पिढीने उंबराऐवजी पाकीट ओळखायला शिकले, की पुढच्या पिढीला उंबर दाखवणारे कोणी उरत नाही. एका केळ्याने एका माकडाचे पोट भरते, पण रोजच्या शेकडो केळ्यांनी एका कुळाची परंपरा तुटते. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ते अधिक गंभीर आहे.

घास देणाऱ्या हाताला चावा

जे नुकसान दिसते, तेही कमी नाही. आयते अन्न मिळू लागले की कळप वाढतात, पिल्लांची संख्या वाढते आणि थोड्या जागेत गर्दी झाल्याने मारामाऱ्याही वाढतात. माणसाची भीती गेलेले माकड मागत नाही, हिसकावते. त्याच्या लेखी प्रत्येक पिशवी ही खाण्याची पिशवी असते. लहान मुलाच्या हातातला खाऊ त्याच्या उंचीवर येतो आणि मुलाचा प्रतिकार दुबळा असतो, म्हणून मुलांना धोका अधिक. माणूस कौतुकाने माकडाकडे टक लावून पाहतो आणि दात दाखवून हसतो; माकडाच्या भाषेत रोखून पाहणे हे आव्हान असते. अशा गैरसमजातून ओरखडा वा चावा बसतो. माकडाचा चावा ही हसण्यावारी नेण्याची बाब नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते, कारण रेबीजची लस टोचून घेण्याचा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही.

साखळी इथेच संपत नाही. माकडांसाठी टाकलेले अन्न आणि पर्यटकांनी मागे सोडलेले उष्टे यांवर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबळ्या वस्तीच्या काठावर येतो. या उद्यानाभोवतालच्या बिबळ्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. २००४ च्या सुमारास उद्यानाच्या परिसरात बिबळ्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली, त्या दिवसांची आठवण बोरिवली, मुलुंड, भांडुपच्या रहिवाशांना आजही असेल. बिबळ्याला पकडून दुसरीकडे सोडणे हा उपाय नाही, कचरा आवरणे हा उपाय आहे, हा धडा तेव्हा फार मोठी किंमत देऊन मिळाला. माकडांच्या बाबतीत तोच धडा पुन्हा तेवढीच किंमत देऊन शिकायचा का?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात वन्य प्राण्याला आमिष दाखवण्याचाही अंतर्भाव आहे. केळे देणारा भाविक स्वतःला शिकारी समजत नाही, हे उघड आहे. परंतु रस्त्याच्या कडेला खाद्याच्या आशेने बसलेले माकड जेव्हा भरधाव वाहनाखाली येते, तेव्हा त्याला तेथे कोणी बसवले, हा प्रश्न उरतोच.

उपासना बलाची, की भिकेची?

आता मुख्य मुद्दा श्रद्धेचा. मारुती ही शक्तीची, बुद्धीची आणि निरपेक्ष सेवेची देवता आहे. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी सातारा, सांगली, कोल्हापूरच्या परिसरात अकरा मारुतींची स्थापना केली, ती समाजाला बलोपासनेकडे वळवण्यासाठी. गावोगावच्या तालमीत मारुतीची मूर्ती असते, तीही त्याच भावनेने. दासमारुती हात जोडून उभा असतो तो रामापुढे. कोणापुढे हात पसरलेला मारुती महाराष्ट्राने कधी पाहिला नाही. मग त्याचे नाव घेऊन त्याच्या कुळाला पायरीवरचा भिकारी करून सोडणे, ही कोणती भक्ती? रामायणातील वानर वनाच्या फळांवर आणि मुळांवर जगले. सीतेचा शोध लागल्याच्या आनंदात त्यांनी मधुवनात धुमाकूळ घातला, ही सुंदरकांडातील कथा घराघरांत ठाऊक आहे. पण ते मधुवनही त्यांच्याच राजाचे, सुग्रीवाचे होते. वानराचे वैभव त्याच्या वनात आहे, हेच या कथेतून दिसते.

दानाच्या बाबतीतही शास्त्र पुरेसे स्पष्ट आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य पात्राला आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. अयोग्य ठिकाणी, अयोग्य वेळी, अपात्री दिलेले ते तामस. रानातल्या पोटभरल्या प्राण्याला, अरण्याच्या मधोमध, त्याला न मानवणारे खाद्य, छायाचित्र मिळावे म्हणून देणे या तिन्हींपैकी कशात बसते, हे ज्याने त्याने स्वतःच ठरवावे. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, हे खरे. पण गाय, कावळा, मुंगी हे दाराशी असणारे जीव. त्यांचे आणि गृहस्थाचे साहचर्य पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. अरण्यातील प्राण्याला देण्याचा घास वेगळा. त्याला त्याचे अरण्य अखंड ठेवून देणे, हाच त्याच्या वाट्याचा भूतयज्ञ.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'माणसाने जंगल तोडले, इमारती उभ्या केल्या, मग त्या बिचाऱ्यांनी खायचे काय? मुलुंडच्या, ठाण्याच्या गच्चीवर माकडे येतात ती हौसेने का?' या प्रश्नामागील वेदना खरी आहे. अरण्याच्या सीमा माणसाने कुरतडल्या, हेही खरे. पण ज्याचे घर घेतले त्याला रोज एक बिस्किट देऊन ऋण फिटते काय? धाराशिव जिल्ह्यातील उपळा या गावाने या प्रश्नाचे निराळे उत्तर देऊन ठेवले आहे. तेथील जमीन-दप्तरात ३२ एकर जमीन गावातील माकडांच्या नावे नोंदलेली आहे. २०२२ मध्ये ही बातमी सर्वत्र गाजली. गावात पूर्वी लग्नकार्यात पहिला मान माकडांना दिला जाई आणि आजही दारी आलेल्या माकडाला तेथील लोक घास देतात. परंतु त्या गावाची खरी थोरवी दारच्या घासात नाही, ती सातबाऱ्यात आहे. पूर्वजांनी वानरांना जमीन दिली. तेथे वनविभागाने झाडेही लावली. दान करायचेच तर ते असे असावे, जे घेणाऱ्याला उभे करते.

जगाचा अनुभव

भक्ती आणि पर्यटन यांच्या गर्दीत माकडांना खाद्य देण्याची प्रथा रुजली की शेवटी काय होते, हे पाहायला दूर जायला नको. सिमल्याच्या जाखू टेकडीवर हनुमानाचे सुप्रसिद्ध मंदिर आहे आणि तेथील माकडे भाविकांचे चष्मे पळवण्यासाठी तितकीच प्रसिद्ध आहेत. त्याच सिमल्याच्या महापालिका क्षेत्रात २०१६ मध्ये माकडांना 'उपद्रवी' घोषित करावे लागले, म्हणजे त्यांना मारण्याची कायदेशीर मुभा द्यावी लागली. दिल्लीचे तत्कालीन उपमहापौर एस. एस. बाजवा यांचा ऑक्टोबर २००७ मध्ये मृत्यू झाला, तो घरच्या गच्चीत माकडांच्या टोळीला हुसकावताना खाली पडून. बालीमधील उलुवाटू या हिंदू मंदिरातील माकडे पर्यटकांच्या वस्तू पळवतात आणि खाद्य मिळाल्यावरच परत करतात; कोणत्या वस्तूला अधिक मोल मिळते हे अनुभवी माकडांना नेमके कळते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

थायलंडमधील लोपबुरी या शहराचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. रामायणाचा प्रभाव असलेल्या त्या देशात माकडांना खाऊ घालणे पुण्याचे मानले जाते. १९८९ पासून तेथे माकडांसाठी दरवर्षी मेजवानीचा उत्सव भरू लागला आणि पर्यटकांची रीघ लागली. २०२० मध्ये महामारीमुळे पर्यटक येईनासे झाले, तेव्हा उपाशी माकडांच्या टोळ्या भर रस्त्यात एकमेकींवर तुटून पडल्या. हे चित्र साऱ्या जगाने पाहिले. अखेर २०२४ मध्ये प्रशासनाने माकडांना पकडून पिंजऱ्यांत ठेवण्याची मोहीम हाती घेतली. मेजवानीचा शेवट पिंजऱ्यात झाला. कान्हेरीच्या माकडांची वाटचाल त्याच दिशेने होऊ द्यायची की नाही, हे अजून मुंबईकरांच्या हातात आहे.

करायचे काय?

यात शासनाची जबाबदारी मोठी आहे. फलक लावून भागत नाही. नियम मोडणाऱ्याला दंड होतो, हे लोकांना दिसले पाहिजे. माकडाला उघडता येणार नाहीत अशा झाकणांच्या कचरापेट्या हव्यात आणि त्या वेळेवर रिकाम्या व्हायला हव्यात. मात्र याचा राग काकडी, पेरू, कैऱ्या विकून पोट भरणाऱ्या गरीब विक्रेत्या महिलांवर काढणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा माल माणसांसाठी असतो. तो माकडांपुढे टाकतो तो पर्यटक. या अरण्यातील पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वनवासी बांधवांना रानाची आणि माकडांची जी जाण आहे, ती शहरी पाहुण्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवता येईल आणि त्यातून त्यांना रोजगारही मिळेल.

परंतु शासनाच्या आधी समाजाने उभे राहावे, ही आपली रीत आहे. सहलीला निघालेल्या कुटुंबाने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. खाद्य डब्यात बंद आणि डबा पाठपिशवीत असावा. हातात लोंबती पिशवी नसावी. माकडासमोर खाऊ नये, त्याच्याकडे रोखून पाहू नये, पिल्लाजवळ जाऊ नये. मुलांचा हात धरून चालावे. माकडाने काही हिसकावलेच, तर ओढाताण न करता सोडून द्यावे आणि पळत न सुटता शांतपणे मागे सरावे. निघताना आपला कचरा आपल्याबरोबर घरी न्यावा. अरण्याला लागून असलेल्या सोसायट्यांनी गच्चीवर, खिडकीत माकडांसाठी काही ठेवण्याची प्रथा बंद करावी, ओला कचरा झाकून ठेवावा आणि जखमी वा वाट चुकलेला प्राणी दिसल्यास स्वतः धाडस न करता १९२६ या वनविभागाच्या मदत क्रमांकावर कळवावे.

उपनगरांतील गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, शाळा आणि सामाजिक कार्यकर्ते यांना तर येथे एक चांगले कार्यक्षेत्रच आहे. हनुमान जयंतीच्या दिवशी केळी वाटण्याऐवजी वनविभागाच्या परवानगीने आणि मार्गदर्शनाने अरण्याच्या काठावर उंबर, वड, जांभूळ लावण्याचा संकल्प करता येईल. लावलेले झाड पहिली दोन-तीन वर्षे जगवणे हे खरे व्रत. त्याला फोटोपुरता उत्साह पुरत नाही. असे एक उंबराचे झाड वाढले, तर ते वर्षानुवर्षे वानरांना, पक्ष्यांना, वटवाघळांना अन्न देत राहील आणि त्यातून कोणालाही कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

घरातील वडीलधाऱ्यांची भूमिका यात सर्वांत महत्त्वाची आहे. नातवाच्या हातात बिस्किट देऊन 'जा, मारुतीला दे' असे सांगणारी आजी प्रेमापोटीच तसे सांगते. तीच आजी जेव्हा नातवाला थांबवून म्हणेल, 'बाळा, लांबूनच नमस्कार कर. त्याचं जेवण त्याच्या झाडावर आहे', तेव्हा त्या मुलाला दयेचा अधिक खोल अर्थ कळेल. दया म्हणजे दुसऱ्याला लाचार करून आपण मोठे होणे नव्हे. दुसऱ्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे, त्याच्या घरी, ताठ मानेने जगू देणे ही दया. कान्हेरीच्या पायऱ्यांवरचे माकड माणसाच्या पिशवीकडे न पाहता समोरच्या उंबरावर चढेल, त्या दिवशी मारुतीची उपासना या शहराला थोडीफार कळली, असे म्हणता येईल.